स्वयंपाकघराची थंडी वेगळी, बाथरूमची वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात बॉयलरच्या गरम पाण्यावर चालणारे रेडिएटर आहेत. स्वयंपाकघर आणि बाथरूम एकदमच नव्याने करायला काढलं आहे. ओटा लांबवायचा असल्याने स्वयंपाकघरातला खिडकीखालचा रेडिएटर काढावा लागणार, आणि बाथरूममधला छोटा रेडिएटर आजही कडाक्याच्या थंडीत पुरत नाही. फरशी बसवणारा म्हणतो, दोन्हीकडे टाइलखाली हीटिंग मॅट (विजेवर तापणारी केबल बसवलेली जाळी) टाका, प्रश्न मिटला. तसं करावं का?

माझं उत्तर: बाथरूममध्ये टाका, पण फक्त तिच्यावर विसंबू नका. स्वयंपाकघरात मात्र ती रेडिएटरचा पर्याय होऊ शकत नाही. गेली कित्येक वर्षं मी हेच काम करतोय. एकच उपाय दोन्ही खोल्यांवर लावल्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात पस्तावलेली घरं बरीच पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाथरूममध्ये माणूस उघड्या, ओल्या अंगाने पंधरा-वीस मिनिटं असतो. अंगावरचं पाणी वाळताना अंगातली ऊब घेऊन जातं. म्हणून बैठकीच्या खोलीत सुखाचे वाटणारे २० अंश इथे हुडहुडी भरवतात आणि २२ ते २४ अंश लागतात. पण ते लागतात दिवसातून दोनदा, तेही ठरलेल्या वेळी. स्वयंपाकघरात अंगावर कपडे असतात, हात चालू असतात, शेगडी आणि फ्रीज आपली उष्णता टाकत असतात. तिथे १८-१९ अंशही चालतात. तिथली तक्रार पायांची असते. ओट्यापाशी एका जागी तासभर उभं राहायचं, आणि घोट्याभोवती गार हवा फिरत असते. ही दोन दुखणी वेगळी आहेत.

हीटरचे कॅटलॉग उघडण्याआधी एक काम करा. वारा असलेल्या दिवशी दोन्ही खोल्यांत उदबत्ती घेऊन फिरा. खिडकीच्या चौकटीचा सांधा, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतात ती भोकं, चिमणीचं बाहेर जाणारं तोंड, एक्झॉस्ट फॅनची झडप, सगळीकडे ती धरून बघा. धूर सरळ वर जायच्या ऐवजी आडवा पळाला, की तिथून तुमची ऊब बाहेर चालली आहे किंवा गार हवा आत येते आहे. ही भोकं बुजवायला फोमचा एक डबा आणि अर्धा दिवस लागतो. नवी कपाटं बसल्यावर तिथे हात पोचणार नाही.

आता बाथरूमचा हिशेब मांडतो, म्हणजे मी असं का म्हणतोय ते दिसेल. खोली अडीच मीटर बाय दोन मीटर, उंची २.६ मीटर. अडीच मीटरची एक भिंत बाहेरच्या बाजूला, तिच्यात ०.८ चौरस मीटरची दुहेरी काचेची खिडकी. बाकीच्या भिंती, वर आणि खाली घरातल्याच गरम खोल्या. बाहेर शून्य अंश, आत २४ हवेत. भिंत जुन्या पद्धतीची भरीव विटांची असेल, तर ती दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण २ वॅट घालवते. ५.७ चौरस मीटर भिंतीतून जातात सुमारे २७४ वॅट. खिडकीतून ५४. तासाला खोलीतली हवा दीड वेळा बदलते असं धरलं, तर त्यात १५४. एकूण साधारण ४८० वॅट.

मॅट किती देते? जमीन ५ चौरस मीटर असली तरी टब, बेसिनचं कपाट आणि कमोडखाली केबल टाकता येत नाही. तिथली उष्णता अडकून केबल तापते आणि जळते. भिंतीलगतचा थोडा पट्टाही सोडावा लागतो. मोकळी जागा उरते अडीच चौरस मीटर. मॅट दर चौरस मीटरला १५० वॅटची असते, म्हणजे ३७५ वॅट. पण खरी मर्यादा वॅटची नाही, पायाची आहे. फरशी फार गरम झाली तर उभं राहवत नाही. युरोपीय मानक ईएन १२६४ मध्ये राहत्या भागात फरशीच्या पृष्ठभागाला २९ अंश आणि बाथरूममध्ये ३३ अंश ही मर्यादा आहे. खोली २४ आणि फरशी ३३, म्हणजे ९ अंशांचा फरक, आणि एवढ्या फरकाला फरशी दर चौरस मीटरला जेमतेम १०० वॅट खोलीत सोडते. अडीच चौरस मीटरचे झाले २५०. गरज ४८० ची. पाय गरम राहतील आणि पाठ गारठलेलीच राहील, अशी ती अवस्था असते.

आता त्याच बाहेरच्या भिंतीला आतून ५ सेंटीमीटर जाडीचा पीआयआर फोमचा बोर्ड लावा, सांधे नीट टेपने बंद करा, त्यावर ओल्या जागेसाठी चालणारा बोर्ड आणि मग टाइल. भिंतीतून जाणारी उष्णता २७४ वरून साधारण ५५ वॅटवर येते. एकूण गरज ४८० ची २६० होते. तीच मॅट आता जवळजवळ पुरी पडते. हा फरक मी प्रत्येक घरमालकाला कागदावर काढून दाखवतो, कारण जुन्या टाइल उतरलेल्या आहेत, भिंत उघडी आहे, अशी वेळ पंधरा-वीस वर्षांत एकदा येते. खोली पाच-सहा सेंटीमीटरने लहान होते. एवढी जागा द्यावी असं माझं ठाम मत आहे. फक्त आतल्या बाजूने बाष्प भिंतीत शिरणार नाही याची काळजी घ्या. टेप न लावलेल्या सांध्यातून ओलसर हवा मागे जाते, गार विटेवर पाणी धरते आणि दोन वर्षांत बुरशी दिसते.

मॅटखालीही इन्सुलेशन हवंच. काँक्रीटच्या स्लॅबवर मॅट थेट चिकटवली, तर ती आधी स्लॅब तापवत बसते. सकाळी सहाला चालू केलेली फरशी आठ वाजता कोमट होते, तोवर घर कामाला निघून गेलेलं असतं. टाइलखाली चालणारा ६ ते १० मिलिमीटरचा कडक फोमबोर्ड टाकला की तीच फरशी अर्ध्या-पाऊण तासात जाणवण्याइतकी गरम होते. हा थर, मॅट, चिकटवायचा मसाला आणि टाइल मिळून जमीन किती वर येते ते आधी मोजा. दरवाजा घासणार का, उंबरठा किती राहणार, पाणी ट्रॅपकडे वळणार का, हे मोजमाप ज्याने आधी केलं नाही त्याला दरवाजा कापावा लागतो.

फरशी बसताना मी जे कधीच सोडत नाही ते म्हणजे मीटर. मॅटच्या डब्यावर तिचा रेझिस्टन्स छापलेला असतो. नसेल तर काढता येतो: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर ४५० वॅटच्या मॅटचा येतो साधारण ११८ ओहम. मॅट डब्यातून काढल्यावर एकदा मोजायचा, जमिनीवर पसरून चिकटवल्यावर दुसऱ्यांदा आणि टाइल बसल्यावर, त्यांच्या सांध्यांत ग्राउट भरण्याआधी तिसऱ्यांदा. सोबत केबल आणि अर्थमधलं इन्सुलेशन मेगरने तपासायचं. तिन्ही आकडे तारीख घालून वॉरंटी कार्डावर लिहायचे.

एका घरात पहिले दोन आकडे ११८ आले. टाइल बसल्या, तिसऱ्यांदा मीटर लावला, तर काटा हलेना, केबल तुटलेली. मसाला पसरताना खाचांच्या थापीचा कोपरा केबलला लागला होता, आणि तो लागल्याचं बसवणाऱ्याला कळलंसुद्धा नाही. मॅट पसरल्यावर मी मोजायची टेप ठेवून प्रत्येक बाजूने फोटो काढले होते. फॉल्ट शोधणाऱ्या यंत्राने केबलवरचं अंतर दिलं, फोटोवरून ते कोणत्या टाइलखाली येतं ते कळलं, दोन टाइल काढल्या, सांधा मारला, दुसऱ्या दिवशी ग्राउट भरलं. मोजणी सोडली असती तर महिनाभराने, बेसिन-कमोड बसून घर वापरात आल्यावर ती तुटलेली केबल सापडली असती. तेव्हापासून मी बसवणाऱ्याला धातूची थापी मॅटवर वापरू देत नाही, प्लास्टिकची देतो.

दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो. मॅटची जाळी कापून वळवता येते, केबल कापायची नाही, लांबी जास्त झाली तरीही. फरशीचं तापमान मोजणारा सेन्सर केबलच्या दोन फेऱ्यांच्या बरोबर मधोमध आणि छोट्या नळीतून सोडा, म्हणजे बिघडला तर टाइल न फोडता बदलता येतो. जमिनीवरच्या कमोडखाली मेणाची रिंग असेल तर केबल तिच्यापासून वीतभर दूर ठेवा, मेण मऊ झालं की वास आणि गळती सुरू. दरवाजाचा स्टॉपर जमिनीत ड्रिल करायला कोणी आलं, तर त्याच्या हातात आधी ते फोटो द्या. मसाला पूर्ण वाळायच्या आत ‘चालतंय का बघू’ म्हणून मॅट चालू करू नका. किती दिवस थांबायचं ते मसाल्याच्या पोत्यावर लिहिलेलं असतं, आणि ते पाळायचं. शॉवरखालच्या भागात केबल नेणार असाल तर त्या मॅटला तशी परवानगी आहे का ते वाचा, आणि वॉटरप्रूफिंगचा थर केबलच्या वर येऊ द्या.

एवढं करूनही बाथरूमला मॅटच्या जोडीला दुसरं काहीतरी लागतंच, कारण मॅट सावकाश तापते आणि अंघोळीच्या वेळी एक्झॉस्ट फॅन गरम हवा ओढून नेत असतो. इथे दोन चांगले पर्याय आहेत. पहिला टॉवेल रॅक. तुमच्या जुन्या रेडिएटरच्या पाइपांवरच तो बसतो. कॅटलॉगमधला आकडा मात्र जपून वाचा. तो पाणी आणि खोली यांच्यात ५० अंशांचा फरक धरून दिलेला असतो. रॅकमधलं पाणी सरासरी ४५ अंश आणि खोली २४ असेल, तर फरक २१ अंशांचाच राहतो आणि ५०० वॅटचा रॅक साधारण १६० वॅट देतो. त्यावर जाड टॉवेल टाकले की आणखी कमी. म्हणून मी रॅक नेहमी मोठा घ्यायला सांगतो, आणि शक्यतो आत विजेचा रॉड बसवता येईल असा, म्हणजे बॉयलर बंद असलेल्या दिवसांतही टॉवेल वाळतात. रॉड एकटा चालू असताना रॅकचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करू नका. तापलेलं पाणी फुगतं, त्याला जायला एक वाट उघडी हवी.

दुसरा पर्याय, भिंतीवर उंच बसवलेला क्वार्ट्झचा इन्फ्रारेड हीटर. तो हवा तापवायच्या भानगडीत पडत नाही, समोरच्या अंगाला थेट ऊब देतो, तीही स्विच टाकल्यावर काही सेकंदांत. ज्या घरात बाथरूम सकाळी वीस मिनिटंच वापरलं जातं, तिथे मी हाच सुचवतो. १२०० वॅटचा हीटर वीस मिनिटं चालला तर ०.४ युनिट जातं. ३७५ वॅटची मॅट तीन तास सलग चालली तर १.१ युनिट. विजेवरच्या कुठल्याही हीटरमध्ये एका युनिटची ऊब सारखीच निघते. ‘जास्त कार्यक्षम’ म्हणून विकला जाणारा हीटर त्याहून जास्त देत नाही. फरक पडतो तो ऊब कुठे पडते आणि किती वेळ लागते यात. पंख्याचा हीटरही झटपट काम करतो, पण ओल्या अंगावर वारा आला की आधी गारच वाटतं, आणि आवाज होतो. मला तो बाथरूममध्ये आवडत नाही.

जागा निवडताना पाण्याचं भान ठेवा. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३६४ मध्ये बाथरूमचे झोन आखलेले आहेत: टबाच्या किंवा शॉवर ट्रेच्या आत झोन ०, त्याच्या वर २.२५ मीटरपर्यंत झोन १, आणि तिथून आडवं ६० सेंटीमीटरपर्यंत झोन २. झोन १ आणि २ मध्ये किमान आयपीएक्स४ दर्जाचं, म्हणजे कुठूनही उडालेलं पाणी सोसणारं उपकरण लागतं. तुमच्या देशाचे नियम याहून कडक असतील तर ते पाळायचे. शॉवरखाली उभ्या माणसाचा हात पोचेल तिथे हीटर किंवा त्याचा स्विच नकोच. खोलीतल्या सगळ्या हीटिंगला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच), स्वतंत्र सर्किट आणि तपासलेलं अर्थिंग. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच आहे.

आता स्वयंपाकघर. तुम्ही जो रेडिएटर काढताय तो किती वॅटचा आहे, हे कोणी विचारलं का? ६० सेंटीमीटर उंच, एक मीटर लांब, एका पॅनेलचा आणि मागे पत्र्याची एक झालर असलेला असेल तर साधारण १ किलोवॅट. दोन पॅनेल आणि मध्ये पत्र्याच्या दोन झालरी असतील तर १.७ किलोवॅटच्या आसपास. आता स्वयंपाकघर १२ चौरस मीटरचं धरा. ओटा, कपाटं, फ्रीज वगळले की मोकळी जमीन उरते साधारण ६ चौरस मीटर. फरशी २९ अंश, खोली २० अंश, म्हणजे फार तर ६०० वॅट. १.७ किलोवॅट काढून ६०० बसवले, तर खोली गार पडणारच. मॅट पायांना सुखाची आहे, हौस असेल तर ओट्यापुढच्या पट्ट्यात जरूर टाका, पण ती रेडिएटरची जागा घेणार नाही.

शिवाय चिमणी आहे. ती तासाला ४०० घनमीटर हवा ओढत असेल, तर तेवढीच बाहेरची हवा कुठून तरी आत येते. शून्य अंशांची ती हवा २० अंशांवर आणायला साधारण २.६ किलोवॅट लागतात. पायाला लागणारा गारवा बहुतेक वेळा हाच असतो. याला हीटरने उत्तर देणं महाग पडतं. झाकण ठेवून शिजवा, चिमणी कमी वेगावर चालवा, आणि तिच्या बाहेरच्या तोंडाशी उलटी हवा अडवणारी झडप नीट मिटते का ते पाहा. आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्या: चिमणी जोरात ओढते आणि घर घट्ट बंद असतं, तेव्हा उघड्या ज्योतीच्या बॉयलरचा धूर धुराड्यातून वर जायच्या ऐवजी घरात उलटा येऊ शकतो. सगळ्या फटी बुजवल्यावर हे तपासून घ्यायचं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवायचा.

स्वयंपाकघरासाठी माझी निवड आहे ओट्याखालच्या कपाटांच्या तळाशी, स्कर्टिंगच्या मागे बसणारा पंख्याचा हीटर, आणि तोही गरम पाण्यावरचा. कारण साधं आहे. काढलेल्या रेडिएटरचे येणारे-जाणारे पाइप नेमके तिथेच आहेत. भिंतीची जागा अडत नाही, ऊब पायाशी सुटते आणि दहा मिनिटांत खोलीत पसरते. तुमच्या घराला तो लागू पडेल का, हे तीन गोष्टींवर ठरतं. पहिली, पाइपिंग येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याला वेगळे पाइप असलेलं हवं. एकाच पाइपात सगळे रेडिएटर ओवलेले असतील तर या हीटरच्या बारीक नळ्यांतून पुरेसं पाणी जात नाही. दुसरी, पाण्याचं तापमान. पाणी गार असताना पंखा गार वारा सोडू नये म्हणून यात एक कट-आउट असतो, आणि तो पाणी साधारण ४० अंशांच्या आसपास आल्याशिवाय पंखा सुरू होऊ देत नाही. उद्या बॉयलर काढून पाणी ३५ अंशांपर्यंतच तापवणारा हीट पंप (बाहेरची ऊब ओढून घरात आणणारं यंत्र) लावायचा विचार असेल, तर साधा मॉडेल कधी सुरूच होणार नाही. कमी तापमानाचं पाणी चालणारा मॉडेल आत्ताच मागा. तिसरी, हीटर बाहेर ओढता यायला हवा. लवचिक होज आणि दोन्ही बाजूंना बंद करायचे व्हॉल्व्ह ठेवा. स्वयंपाकघराच्या जमिनीवरची धूळ आणि तेलकट केस त्याच्या जाळीत बसतात. ते दरवर्षी काढले नाहीत तर आवाज वाढतो आणि ऊब घटते.

जागा ओट्यापुढे तुम्ही उभे राहता त्याच्या जरा बाजूला घ्या. अगदी समोर ठेवला तर घोट्यावर सतत सुका वारा लागतो, तोही नको होतो. फ्रीजच्या खाली नको, गरम हवा फ्रीजला त्रास देते. पंख्याचा आवाज दुकानात कळत नाही, म्हणून दोन वेगांचा घ्या आणि रोज कमी वेगावर पुरेल इतका मोठा घ्या. पाइप नेणं शक्यच नसेल तर असाच विजेवरचाही मिळतो, पण २३० व्होल्टवर २ किलोवॅटला जवळजवळ ९ अँपिअर लागतात. ओव्हन, केटल, डिशवॉशर असलेल्या सर्किटवर तो जोडून चालणार नाही, भिंती उघड्या असतानाच वेगळी वायर ओढा.

धुराडं नसलेला गॅस हीटर मात्र या दोन्ही खोल्यांत आणू नका, ‘थोडाच वेळ’ म्हणूनही नाही. बंद बाथरूममध्ये तो प्राणवायू खातो, कार्बन मोनॉक्साइड तयार करू शकतो, आणि त्या वायूला वासही नसतो. शिवाय एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात खोलीत सुटतं. ते पाणी तुमच्या नव्या भिंतींवरच बसणार. जमिनीवर ठेवायचा, प्लगवरचा हीटरही बाथरूममध्ये नको.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर: बाथरूमच्या बाहेरच्या भिंतीला इन्सुलेशन, टाइलखाली फोमबोर्ड आणि मॅट, जुन्या पाइपांवर मोठा टॉवेल रॅक. एवढं करून पहिला हिवाळा काढा. इन्फ्रारेड हीटरची वायर मात्र आत्ताच भिंतीत ओढून, बॉक्समध्ये बंद करून ठेवा, लागला तर तासाभरात बसेल. स्वयंपाकघरात फटी बुजवा, चिमणीची झडप बदला आणि स्कर्टिंगमागचा पाण्याचा हीटर घ्या. त्याचं माप कपाटं बनवणाऱ्याकडे ऑर्डर देतानाच पोचवा, कारण स्कर्टिंग ठरलेल्या उंचीची असते आणि हीटर तिच्यात मावायला हवा. आणि प्लंबरशी आजच बोला. ठरलेल्या दिवशी तो येईल, रेडिएटर उतरवेल आणि सवयीप्रमाणे दोन्ही पाइप भिंतीत कापून बंद करेल. ते पाइप कपाटाच्या तळापर्यंत आणून, व्हॉल्व्ह लावून सोडायचे आहेत.